लबाड म्हणू, बेइमान म्हणू की चारसोबीस?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कापूस निघायला लागला की या सदराकडे येणारी पत्रंच बदलतात. तोवर पाऊस, फवारणी, पीकविमा असं चालू असते आणि मग एकदम व्यवहाराची पत्रं सुरू होतात. या खेपेला काही पत्रं अशी आली की त्यांत विचारलंय शब्दाबद्दल पण आतलं दुखणं फसवणुकीचं आहे, म्हणून ती सगळी एकत्रच घेतली. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण ते गावोगावी घडून राहिलंय.

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, रोडपासून आतमंधी हाये. दरसाली दिवाळीच्या आगंमागं खेडा खरेदीवाला गाडी घेऊन येते, घरूनच कापूस मोजून नेते, नगदी पैसे देते, म्हणून लोकं त्यालेच देतात. यंदा आमच्या कापसात फरक आला, घरी वेगळं वजन अन त्याच्या काट्यावर वेगळं. बाबा ग्रामसभेत उभे राहून म्हणाले का हा माणूस लबाड हाये. तर एकानं मधातच म्हटलं, काकाजी लबाड तं पोट्टे असतात, याले बेइमान म्हना. दुसरा म्हणे चारसोबीस म्हना. तिसरा म्हणे काटा मारला एवढंच म्हना, नाहीतर थो तुमच्यावरच केस करन. अर्धा घंटा त्यातच गेला अन मुद्दा राहूनच गेला. या शब्दांमंधी फरक काय हाये अन बाबाचं बरोबर होतं का?

उत्तर : भाऊ, बाबांचा शब्द खोटा नव्हता, पण जे झालं त्याच्यासाठी तो हलका पडला. लबाड म्हंजे मुळात खोटं बोलणारा, हिंदीत लबार म्हणतात तोच हा. आपल्याकडची म्हण तुम्हाला माहीतच असेल, लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही. त्या म्हणीतला लबाड काय करते, तर नुसतं बोलते, ताटात काही पडत नाही. नुकसान झालं तरी एका जेवणाचं. आणि दुसरं असं की हा शब्द आपण लाडानंही वापरतो, आजी नातवाला म्हणते 'लबाड आहे मोठा', शेंगदाणे खिशात भरून पळणाऱ्या पोराला म्हणते. बेइमान कोणी लाडानं म्हणत नाही. म्हणून ग्रामसभेत जो बोलला त्याचा कान बरोबर होता, ज्या माणसानं वर्षाच्या कमाईला हात घातला त्याला तुम्ही लबाड म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटते काहीतरी किरकोळ असेल.

आता बेइमान. हा शब्द बाहेरून आलेला आहे, फारसी 'बे' आणि अरबी 'ईमान', पण वऱ्हाडात तो असा रुजला की त्याला परका म्हणायला जीभ धजत नाही. यातली गोष्ट अशी की बेइमान व्हायला आधी इमान असावं लागते. रात्री कोणी अनोळखी माणूस कोठ्यातून कापूस उचलून घेऊन गेला तर त्याला आपण चोर म्हणतो, बेइमान म्हणत नाही, कारण त्याच्यावर आपला भरवसाच नव्हता. पण ज्याला दरसाली बाजेवर बसवलं, चहा पाजला, ज्याचा काटा आला म्हणून दुसरा काटा मागवलाच नाही, त्यानं तोच भरवसा वापरून माल मारला तर तो बेइमान. भावाभावांत वाटणीवरून कोर्टात केस चालू असते, वर्षं निघून जातात, तरी लोकं भावाला चोर म्हणत नाहीत, बेइमानच म्हणतात, ते याच्याचसाठी. नमकहराम त्याच घरातला शब्द, फक्त तिथं भरवशाच्या जागी खाल्लेलं मीठ आहे. त्यामुळं तुमच्या खरेदीवाल्याला, जर फरक मुद्दाम केलेला असेल तर, मनातल्या मनात बेइमान म्हणायला माझी काही हरकत नाही, तो शब्द त्याला बरोबर बसते.

पण ग्रामसभेत मी तिसऱ्या माणसाच्या बाजूनं राहिलो असतो, ज्यानं म्हटलं का काटा मारला एवढंच म्हणा. लबाड, बेइमान, चारसोबीस हे सगळे माणसाला लावायचे शब्द आहेत. काटा मारणं हे त्या माणसानं केलेल्या कामाचं नाव आहे. माणूस बेइमान आहे की नाही यावर अख्खं गाव दोन दिवस वाद घालू शकते, त्याचे नातेवाईक उठतील, त्यानं कोणाच्या पोरीच्या लग्नात मदत केली ते निघेल. काट्यात फरक आला की नाही याच्यावर वाद चालत नाही, ते मोजून पाहता येते.

आधी तराजू होता तेव्हा दांडी मारायचे. बोटाचा जरासा दाब, नाहीतर पासंगात खोट. पासंग म्हंजे दोन पारडी बरोबर नसली तर हलक्या बाजूला जो छोटासा दगड नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधतात तो, त्याच्यावरूनच आपण म्हणतो अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही. आताच्या पोरांना दांडी मारणं म्हंजे शाळा बुडवणं एवढंच माहीत आहे, पण बाजारात तो शब्द अजून जुन्या अर्थानं जिवंत आहे. आता लटकवायचा इलेक्ट्रॉनिक काटा आला, लोकांना वाटलं मशीन आहे, मशीन कायले खोटं बोलन. मशीन नाही बोलत, वाचणारा बोलते. तुम्ही जवळून पाहा एकदा. गाठोडं आकड्याला अडकवलं की डिस्प्लेवरचे आकडे हलत राहतात, ४१.२, ४०.६, ४०.९ असे, आणि ते थांबायच्या आतच तो माणूस ओरडते 'चाळीस!' अन लिहिणारा चाळीस लिहून मोकळा. पुढचं गाठोडं तोवर उचललेलं असते. कधी गाठोडं स्थिर करायच्या नावाखाली त्याच्या खालून गुडघा लागलेला असतो. कधी आकडा रिकामा असतानाच डिस्प्लेवर शून्याच्या जागी वजाचं चिन्ह असते अन आपण तिकडं पाहतच नाही, कारण आपलं सगळं लक्ष गाठोडं मोजायला.

हिशोब करा. चाळीस किलोच्या गाठोड्यामागं एक किलो गेला तर क्विंटलमागं अडीच किलो जाते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता, त्या भावानं क्विंटलमागं १८८ रुपये झाले. तीस क्विंटल कापूस असेल तर साडेपाच हजारांवर रक्कम गेली. पोराची फी गेली त्याच्यात.

अजून एक गोष्ट यात मिसळू नका, ती म्हंजे कडता. कडता उघड असते. व्यापारी तोंडावर सांगते का ओलं आहे, कवडी म्हंजे खराब बोंडाचा कापूस आहे, क्विंटलमागं इतके किलो कापीन, द्यायचा तर द्या. ती दादागिरी आहे, अडलेल्याला नाडणं आहे, मला स्वतःला ती पटत नाही आणि बाजार समितीत तर तिच्यावर बोलायलाच पाहिजे. पण तिच्यात लपवालपवी नाही. काटा मारण्यात सगळी गंमतच लपवण्यात आहे, तुम्हाला समजलं तर ते काम होतच नाही. लोकं दोन्हीला एकच नाव देतात आणि मग तक्रार करायला गेले की समोरचा म्हणते, तुमाले तं आधीच सांगतलं होतं कडत्याचं, अन तुमचं तोंड बंद.

हे दुखणं आजचं नाही हेही सांगतो. आपल्या वऱ्हाडातल्या कारंज्याला, आताच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड, १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस अन धान्य बाजारांसाठी कायदाच आला. इंग्रजांना कापूस पाहिजे होता हे खरं, पण कायद्याला बाजारात शिरायला लागलं हेही तेवढंच खरं. आजचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा आहे, वजनकाट्याचा वेगळा कायदा २००९ चा. खेडा खरेदीत मात्र हे सगळं गावाच्या बाहेरच राहते, अंगणात फक्त तो, त्याचा काटा अन तुम्ही.

तर अंगणात काय करायचं? काट्यावर वजनमापवाल्यांचा म्हंजे वैधमापन विभागाचा शिक्का आहे का पाहा, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागते आणि त्याचं प्रमाणपत्र असते, ते दाखव म्हणा, यात लाजायसारखं काही नाही. कापूस लटकवायच्या आधी घरातली न फोडलेली डीएपी खताची बॅग लटकवून पाहा. ती नेट ५० किलोची असते, पोत्याचं वजन धरून पन्नासच्या थोडं वरच दाखवायला पाहिजे, कमी दाखवलं तर बोलायला जागा झाली. युरियाची बॅग पन्नासची समजून लटकवू नका, ती २०१८ पासून ४५ किलोची आहे. आकडा स्थिर झाल्यावर आपल्याच घरच्या पोरानं वाचावा आणि वहीत लिहावा, पॉइंटाच्या पुढचाही. काटापट्टी म्हंजे वजनाची पावती सहीनिशी घ्या. एवढं करून फरक आला तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात अर्ज द्या, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे.

आणि केसची जी भीती घातली ती अगदीच पोकळ नाही. हातात काही नसताना भरसभेत कोणाला बेइमान, चोर म्हटलं तर तो अब्रूनुकसानीची तक्रार करू शकते, नव्या न्याय संहितेत कलम ३५६ आहे त्याचं. खरी गोष्ट लोकांच्या भल्यासाठी सांगितली तर कायदा संरक्षण देते, पण ती खरी आहे हे दाखवायचं ओझं बोलणाऱ्यावर येते. म्हणून बाबांना सांगा, पुढच्या ग्रामसभेत उभं राहून म्हणा का अमक्या तारखेला आमच्या घरी इतकं भरलं, काट्यावर इतकं भरलं, ही वही अन ही पट्टी. कोणता शब्द लावायचा ते गावाला लावू द्या.

प्रश्न : आमच्या मामानं दोन वर्षांपासून एका व्यापाऱ्याला सोयाबीन उधारीवर दिलं, आधी पैसे वेळेवर यायचे, यंदा थकले. त्यानं चेक दिला तोही परत आला. मामा म्हणतो त्याच्यावर ४२० लावतो. माझा मित्र लॉ करून राहिला, तो म्हणे ४२० आता राहिलंच नाही. मग चारसोबीस म्हणायचं बंद करायचं का?

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ४२० होतं, ठकवून कोणाकडून माल किंवा पैसा काढून घेण्याबद्दल, सात वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात एकूण कलमंच ३५८ आहेत, म्हणजे ४२० नंबर येणारच नाही. तोच गुन्हा आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात आहे, शिक्षा तेवढीच. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनंच कलम लागते. बोलण्यातून मात्र चारसोबीस जाणार नाही आणि जायचं कारणही नाही, शेर अन मण जाऊन किती काळ झाला तरी आपण सव्वाशेर म्हणतोच ना. तीनशेअठरा कोणाच्या तोंडात बसणार आहे.

पण मामांना एक नीट समजावून सांग, कारण इथं शब्द चुकला की वर्षं वाया जातात. पैसे थकवणारा प्रत्येक माणूस चारसोबीस नसतो. कायद्यात ठकवणूक तेव्हा होते जेव्हा माल घेतानाच त्याच्या मनात फसवायचं असते, सुप्रीम कोर्टानं हे परत परत सांगितलंय. दोन वर्षं पैसे वेळेवर देणारा यंदा अडला असेल, त्याचेही पैसे वर अडकले असतील, तर तो फारतर बुडव्या. आपल्या भाषेत बुडवणं आणि ठकवणं हे दोन वेगळे शब्द उगाच नाहीत. खोटं नाव सांगितलं, नसलेलं लायसन दाखवलं, एकाच आठवड्यात दहा गावचा माल उचलून गोडाऊनला कुलूप लावून गेला, असं काही असलं की ते ठकवणं. कोर्टही असंच काहीतरी शोधते.

आणि हातात परत आलेला चेक असताना मामा चारसोबीसच्या मागं कायले लागून राहिले? चेकचा रस्ता जास्त सरळ आहे. चेक परत आल्याची बँकेची मेमो मिळाली की तिथून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेकच्या कायद्यातलं कलम १३८ म्हणतात ते हेच. ३० दिवस निघून गेले तर मोठी अडचण होते, म्हणून हे वाचून झाल्यावर आधी मेमोवरची तारीख पाहा.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षिका आहे. वर्गातली अर्धी मुलं घरी हिंदी बोलतात. 'तो प्रामाणिक आहे' याचा अर्थ विचारला तर एक मुलगा म्हणाला 'तो असली आहे'. हसू आलं पण समजावता आलं नाही.

उत्तर : ताई, त्या मुलाला शाबासकी द्या, तो हिंदीतला अर्थ सांगून राहिला आणि तो अर्थ जुना आहे. प्रामाणिक म्हणजे प्रमाणाला धरून असलेलं, ज्याला आधार आहे, पुरावा आहे. हिंदीत तोच अर्थ राहिला, प्रामाणिक ग्रंथ, प्रामाणिक जानकारी, आणि माणसाला ते ईमानदार म्हणतात. मराठीत तो शब्द माणसाला लागला. प्रमाण म्हणजे मापही. मुलांना असं सांगा की जो बोलतो तेवढंच करतो, जास्त नाही कमी नाही, तो प्रामाणिक, आणि बोलणं अन करणं यांचं माप जुळत नाही तो अप्रामाणिक. अप्रामाणिक हा शब्द पुस्तकी आहे, गावात कोणी कोणाला रागात अप्रामाणिक म्हणत नाही, पण अर्जात, तक्रारीत, कायद्याच्या मराठीत तोच चालतो, म्हणून मुलांना यायला पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडं बोगस बियाणं अन चोर बीटी दोन्ही शब्द चालतात. कृषी केंद्रवाल्याला विचारलं तर म्हणतो एकच आहे. खरंच एकच आहे का? — वर्धा जिल्ह्यातून

उत्तर : नाही, आणि ज्यानं एकच आहे म्हटलं त्याला फरक नक्की माहीत असणार.

बोगस म्हंजे पाकिटावर एक अन आत दुसरं. नाव एका वाणाचं, दाणा भलताच, नाहीतर उगवणशक्ती लिहिल्यापेक्षा कितीतरी कमी. इथं फसला तो शेतकरी. चोर बीटीची गोष्ट वेगळी. बीटी म्हंजे बोंडअळीला तोंड देणारा कापूस, त्याला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली, पण तणनाशक फवारलं तरी न मरणारा जो कापूस आहे, एचटीबीटी, त्याला लागवडीची परवानगीच नाही. ते बियाणं चोरून येते, चोरून विकते, म्हणून लोकांनीच त्याचं नाव चोर बीटी ठेवलं. घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असते आपण काय घेऊन राहिलो. मजुरी परवडत नाही, निंदणाला बाया मिळत नाहीत, पाऊस लागून पडला की आठ दिवसांत तण कमरेला येते, म्हणून घेते तो. मी त्या शेतकऱ्याला बेइमान म्हणणार नाही. विकणाऱ्याला मात्र म्हणीन, कारण चोर बीटीच्या नावाखाली तो साधा दाणाही चढ्या भावानं खपवते, आणि त्याला पक्कं माहीत असते का चोरीचा माल घेणारा तक्रार करायला जाणार नाही. चोराच्या मालात बोगस माल, अशी दुहेरी मार आहे ती.

म्हणून हे दोन शब्द वेगळे ठेवा. पाकीट सीलबंद, कंपनीचं, टॅग असलेलं आणि पक्क्या बिलाचं असेल अन उगवलं नाही, तर ते बोगस, आणि त्याची दाद मागता येते. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लगेच लेखी अर्ज द्या म्हणजे समिती शेतावर येऊन पंचनामा करते, पीक उभं आहे तोवरच, वखर फिरवल्यावर नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. बियाण्याचा वेगळा कायदा १९६६ पासून असला तरी शेतकरी ग्राहक म्हणून तक्रार करू शकतो असं सुप्रीम कोर्टानं २०१२ साली स्पष्ट केलं. बिल, रिकामं पाकीट, टॅग आणि जमलं तर पाकिटात उरलेले थोडे दाणे जपून ठेवा. बियाण्याची किंमत ५ लाखांच्या आत असेल, आपल्याकडं ती असतेच, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फीसुद्धा लागत नाही.